हवेचा जमाखर्च

पेढीवर बसणाऱ्या माणसाला वहीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. दिवसाचा व्यवहार कीर्दीत उतरतो, कीर्दीतून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो आणि वर्षअखेरीस ताळेबंद मांडला म्हणजे धनी सुखाने झोपतो. निदान आपली झोप कशामुळे उडाली हे त्याला कळते तरी. धान्य, कापड, सोने, पैसा यांचा हिशेब माणूस हजारो वर्षे ठेवीत आला आहे. परंतु जी वस्तू तराजूत घालता येत नाही, जी कोणाच्या मालकीची नाही आणि जी एकदा हातून सुटली की साऱ्या जगाची होते, अशा वस्तूचा हिशेब ठेवण्याची पाळी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत राष्ट्रांवर प्रथमच आली आहे. ही वस्तू म्हणजे आपल्या भट्ट्या, गिरण्या, मोटारी, गोठे आणि शेते यांतून हवेत जाणारे व सूर्याची उष्णता पृथ्वीभोवती अडकवून ठेवणारे वायू. त्यांना शास्त्रज्ञांनी हरितगृह वायू असे नाव दिले आहे. त्यांत मुख्य कार्बन डाय-ऑक्साइड. या भाषणापुरते त्याला आपण कर्बवायू म्हणू. त्याच्या जोडीला मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि कारखान्यांतून निघणारे आणखी काही वायू आहेत.

हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवेतील कर्बवायू नियमाने मोजावयास आरंभ केला, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२० च्या पलीकडे गेलेला होता. पृथ्वीच्या हवेत किती भर पडली, हे या एका मापाने निश्चित कळते. पण ती कोणी किती घातली, हे मात्र त्यावरून कळत नाही. एका मोठ्या रांजणात गावातल्या सर्वांनी पाणी ओतावे आणि मागाहून कोणाच्या घागरी किती हे विचारावे, तसा हा प्रश्न आहे. १९९२ साली रिओ द जानेरो येथे झालेल्या करारान्वये राष्ट्रांनी आपापल्या घागरी मोजून सांगण्याचे कबूल केले. २०१५ च्या पॅरिस कराराने पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक राष्ट्राने आपण काय करणार हे स्वतः जाहीर करावे आणि ते कितपत केले याचा वृत्तांत ठरावीक काळाने जगापुढे ठेवावा, असे ठरले.

त्या वेळी भारताने वचन दिले, की २००५ सालच्या मानाने दर रुपयाच्या राष्ट्रीय उत्पन्नामागील उत्सर्जन २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी खाली आणू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हे वचन वाढवून ४५ टक्के करण्यात आले. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांवाचून चालणारी असावी, हे दुसरे वचन. वने व झाडी वाढवून अडीचशे ते तीनशे कोटी टन कर्बवायू जास्तीचा शोषून घेण्याची तजवीज करू, हे तिसरे. वचन देणे सोपे आणि पाळणे अवघड, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण वचन पाळले की नाही हे ठरविणेही तितकेच अवघड असते, आणि आज आपल्याला त्याचाच विचार करावयाचा आहे.

श्रोतेहो, पहिला प्रश्न असा, की हा हिशेब केला जातो कसा? प्रत्येक धुराड्यावर, प्रत्येक मोटारीच्या नळीपाशी आणि प्रत्येक म्हशीच्या तोंडाशी मापयंत्र घेऊन कोणी उभे राहू शकत नाही. म्हणून एक साधी रीत सर्व राष्ट्रांनी मान्य केली आहे. एखादे काम किती झाले ते पाहावे, त्या कामाच्या एका मापामागे किती वायू निघतो ते ठरवावे आणि दोहोंचा गुणाकार करावा. देशात किती टन कोळसा जळला, हे खाणींच्या व वीजकेंद्रांच्या दप्तरावरून कळते. कोळशातील १२ किलो कार्बन जळला म्हणजे ४४ किलो कर्बवायू तयार होतो, हे रसायनशास्त्र सांगते. आपल्याकडच्या कोळशात राख पुष्कळ, तेव्हा त्यात प्रत्यक्ष कार्बन किती हे पाहून एका टनामागचा गुणक ठरतो. साधारणपणे आपल्या वीजकेंद्रातला एक टन कोळसा दीड टनाहून अधिक कर्बवायू हवेत सोडतो. मूळ वस्तूपेक्षा तिच्यातून निघालेल्या वायूचे वजन अधिक भरावे, हे पहिल्याने ऐकताना चमत्कारिक वाटते. परंतु हवेतला प्राणवायू त्यात येऊन मिळतो हे ध्यानात घेतले म्हणजे नवल वाटत नाही.

गोठ्याचा हिशेबही याच रीतीने होतो. २०१९ सालच्या पशुगणनेत देशात १९ कोटींच्या वर गोवंश आणि ११ कोटींच्या आसपास म्हशी मोजल्या गेल्या. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चाऱ्याचे पचन होताना मिथेन तयार होतो. आपल्याकडील शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार दुभत्या देशी गाईमागे तो वर्षाला सुमारे २८ किलो, संकरित गाईमागे ४३ किलो आणि दुभत्या म्हशीमागे ५० किलो धरला जातो. जनावरांची संख्या गुणिले हा आकडा, की गोठ्याचे खाते तयार झाले.

ज्यांचा महसूल खात्याशी थोडाबहुत परिचय आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. गावात किती जमीन पेरली हे पीकपाहणीवरून कळते. पीक किती आले हे मात्र प्रत्येक शेतात जाऊन मापत नाहीत. पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदाचे किती आणे आले, हे ठरविण्याची जुनी पद्धत आहे. तिला आपल्याकडे आणेवारी म्हणत. दशमान नाणी आल्यावर ती पैसेवारी झाली. ती पन्नास पैशांच्या आत आली, तर टंचाईच्या सवलती मिळावयाच्या. वर गेली, तर नाही. ही आणेवारी दोन प्रकारांनी काढता येते. एक नजरेने, म्हणजे अधिकाऱ्याने बांधावर उभे राहून अंदाजाने सांगावयाची. दुसरा प्रकार म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी शेते निवडून, त्यांतला ठरावीक तुकडा प्रत्यक्ष कापून, मळून आणि तोलून काढावयाची. या दुसऱ्या रीतीला शास्त्रीय पाया देण्याचे काम १९४० च्या सुमारास प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दिल्लीच्या कृषिसंशोधन परिषदेत केले. पेरणीचे क्षेत्र तेच. पण गुणक नजरेचा की कापणीचा, यावर साऱ्या गावाचे नशीब पालटू शकते.

वायूंच्या हिशेबातही अगदी हेच घडले, आणि तेही आपल्या देशाच्या बाबतीत.

भातखाचरात पाणी साचून राहिले म्हणजे चिखलातील सूक्ष्म जंतू मिथेन तयार करतात. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने असा अंदाज केला होता, की भारतातील भातशेतीतून दरसाल सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन हवेत जातो. हा आकडा आपल्या शेतांत मोजून काढलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतील खाचरांत जी मापे घेतली होती, ती आपल्या भाताच्या क्षेत्राला लावली होती. म्हणजे ही नजरेची आणेवारीच, आणि तीही दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून केलेली! आंतरराष्ट्रीय वाटाघाटी तर तोंडावर आल्या होत्या. याच काळात एका अमेरिकी संस्थेच्या अहवालाने भारताला जगातील मोठ्या उत्सर्जक राष्ट्रांच्या पंक्तीत बसविले होते. गरिबाच्या भातशेतीतून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच मापाने तोलणे न्याय्य नव्हे, असे त्यावर दिल्लीचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली निक्षून सांगितले.

त्याच वर्षी डॉ. आशेष प्रसाद मित्र यांच्या पुढाकाराने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने देशातील अनेक संस्थांना बरोबर घेऊन भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणी करण्याची मोहीम काढली. शेतात पारदर्शक पेट्या उपड्या ठेवावयाच्या, ठरावीक वेळाने त्यांतली हवा पिचकारीने काढून घ्यावयाची आणि प्रयोगशाळेत तिचे पृथक्करण करावयाचे, असे हे काम. निष्कर्ष काय निघाला? भारतातील भातशेतीचे खरे उत्सर्जन वर्षाला सुमारे ४० लाख टन, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्शाइतके होते. कारण उघड होते. आपली पुष्कळशी भातशेती पावसावर अवलंबून असते. खाचरातले पाणी मध्यंतरी आटते, जमिनीला हवा लागते आणि मिथेन तयार करणाऱ्या जंतूंचे काम थांबते. सतत पाणी भरून ठेवलेल्या शेताचा गुणक अशा शेताला लावणे, हाच मुळी अन्याय होता.

या एका प्रसंगाचा धडा फार मोठा आहे. जे राष्ट्र आपली वही आपण लिहीत नाही, त्याची वही दुसरे कोणी तरी लिहिते, आणि मग तीच वही पुढे करून वसुलीचा तगादा लावते. हिशेब ठेवणे हा केवळ करारातील एक जाच आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. त्यानंतर आपल्याकडे कोळशाचे गुणक धनबादच्या संशोधन संस्थेत, शेतीचे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत, असे निरनिराळ्या ठिकाणी बसविण्याचे काम होत राहिले, आणि २००४ साली भारताने आपली पहिली राष्ट्रीय वही संयुक्त राष्ट्रांकडे सादर केली.

आता त्या वहीतील आकड्यांकडे वळू. वने व जमीन यांचे खाते तूर्त बाजूला ठेवले, आणि सर्व वायूंचे वजन कर्बवायूच्या मापात रूपांतरित केले, तर भारताचे उत्सर्जन १९९४ साली सुमारे १२१ कोटी टन होते. २००० साली ते १५२ कोटी, २०१० साली २१४ कोटी, २०१६ साली २८४ कोटी आणि २०१९ साली ३१३ कोटी टन झाले. २०२० साली ते २९६ कोटी टनांवर उतरले. २०२० च्या आकड्यात कोळसा, तेल इत्यादी इंधनांचा वाटा तीन-चतुर्थांशाहून थोडा अधिक, शेती व पशुपालन यांचा सुमारे १४ टक्के, सिमेंट-पोलादासारख्या उद्योगांतील रासायनिक क्रियांचा ८ टक्के आणि कचरा व सांडपाण्याचा अडीच टक्के आहे. वीजनिर्मिती हे एकच खाते जवळजवळ दोन-पंचमांश जागा व्यापते.

हे आकडे ऐकून श्रोत्यांच्या मनात साहजिकच शंका येईल. उत्सर्जन तर पंचवीस वर्षांत अडीचपट वाढलेले दिसते, मग प्रगती झाली म्हणतात ती कोणती? येथे तीन निरनिराळी मापे आहेत, आणि ती वेगळी ओळखता न आल्यामुळेच सभांतून व वर्तमानपत्रांतून पुष्कळ घोटाळा होतो.

पहिले माप एकूण उत्सर्जनाचे. हवेला फक्त हेच माप कळते. दुसरे माप दरडोई उत्सर्जनाचे. २०२० सालचे २९६ कोटी टन सुमारे १३८ कोटी माणसांत वाटले, तर माणशी दोन टनांहून किंचित अधिक येतात. जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही हे बरेच कमी आहे. मागील इतिहास पाहिला, तर १८५० पासून २०१९ पर्यंत माणसाने हवेत सोडलेल्या एकंदर कर्बवायूत संपूर्ण दक्षिण आशियाचा वाटा अवघा ४ टक्क्यांच्या आसपास भरतो. न्यायाचा प्रश्न या मापाने मांडला जातो. तिसरे माप दर रुपयाच्या उत्पन्नामागील उत्सर्जनाचे. आपले वचन या तिसऱ्या मापाचे आहे. २००५ ते २०२० या काळात ते ३६ टक्क्यांनी उतरल्याचे भारताने २०२४ च्या डिसेंबरमध्ये सादर केलेल्या वृत्तांतात नमूद केले आहे. ४५ टक्क्यांच्या वाटेवर ही प्रगती खरोखरच चांगली आहे.

पण या तिसऱ्या मापाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एखाद्या कुटुंबात दर हजार रुपयांच्या मिळकतीमागे शंभर रुपये जळणावर जात. काटकसर करून ते प्रमाण चौसष्टांवर आणले. मधल्या काळात मिळकत मात्र एक हजाराची तीन हजार झाली. आता जळणाचा खर्च किती? एकशे ब्याण्णव रुपये! गृहिणीने काटकसर केली हे खरे, आणि जळणाचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला हेही खरे. या दोन विधानांत विरोध नाही. जो देश अजून घराघरांत वीज, पक्के घर आणि रोजगार पोचवीत आहे, त्याने आधी तिसऱ्या मापाने वचन द्यावे हे रास्तच आहे. मात्र तिसऱ्या मापाचे यश पहिल्या मापाचे यश म्हणून सांगितले जाऊ नये. २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जे ध्येय भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केले, ते पहिल्या मापाचे आहे. म्हणजे कधी ना कधी वाढती रेघ आडवी होऊन खाली वळली पाहिजे.

२०२० साली ती वळली नव्हती काय? वने धरून काढलेले निव्वळ उत्सर्जन त्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा ७.९३ टक्क्यांनी कमी भरले हे खरे. पण ते वर्ष कोणते होते, हे आपण विसरलेलो नाही. महामारीमुळे गाड्या थांबल्या होत्या, कारखाने बंद होते आणि माणसे घराची वाट पायी तुडवीत होती. दुकान बंद राहिल्यामुळे खर्च कमी झाला, तर तिला काटकसर म्हणत नाहीत. हिशेबनीसाने अशा वर्षाच्या आकड्यापुढे कारण लिहून ठेवावे आणि एका वर्षावरून अनुमान न काढता पाच-दहा वर्षांची चाल पाहावी, हेच योग्य.

विजेच्या वचनाबाबतही अशीच एक खूणगाठ बांधून ठेवावयास हवी. २०२५ च्या जूनअखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणुशक्ती इत्यादींची झाली. दिलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी हे साधले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु क्षमता निराळी आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज निराळी. सूर्य रात्री नसतो आणि वारा मर्जीचा धनी. कोळशाचे केंद्र मात्र अहोरात्र चालते. म्हणून २०२४-२५ या वर्षात तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा अद्याप ७० टक्क्यांच्या वरच होता. घरात दोन चुली आहेत, एक शेगडी आणि एक सौरचूल, एवढ्यावरून स्वयंपाक निम्मा-निम्मा होतो असे ठरत नाही. रोजची भाकरी कोणत्या चुलीवर भाजली जाते, ते पाहावे लागते.

आता बाजूला ठेवलेले वनांचे खाते. झाडे हवेतील कर्बवायू घेऊन लाकूड बनवितात, म्हणून या खात्यात जमेची रक्कम येते. १९९४ च्या वहीत जमीन व वने यांच्या खात्यावर थोडे उत्सर्जनच निघाले होते. २०२० च्या वहीत तेथे सुमारे ५२ कोटी टनांचे शोषण दाखविले आहे, म्हणजे एकूण उत्सर्जनाच्या पाचव्या हिश्शाहूनही जवळपास सात कोटी टन कमी एवढेच. ही रक्कम मोठी असली, तरी हे खाते सर्वांत नाजूक आहे. कोळशाचा टन वजनकाट्यावर चढतो. जंगलातील लाकूड, मुळे आणि मातीतील कार्बन यांचा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरून व नमुन्याच्या क्षेत्रांवरून करावा लागतो. एका रांगेत लावलेले निलगिरीचे झाड आणि सह्याद्रीच्या जुन्या राईतील झाड आकाशातून पाहता दोन्ही हिरवीच दिसतात. शिवाय जमा झालेला कार्बन वणव्यात किंवा कुऱ्हाडीखाली एका दिवसात पुन्हा खर्ची पडू शकतो. म्हणून वने धरून आणि वने सोडून असे दोन्ही आकडे दाखविण्याची प्रथा आहे, आणि ऐकणाऱ्यानेही ते दोन्ही विचारावेत.

आणखी एक बारकावा सांगतो. निरनिराळ्या वायूंची बेरीज करावयाची, तर त्यांना एका मापात आणावे लागते. एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या काळात किती किलो कर्बवायूइतकी उष्णता अडवितो, हा तो भाव. आरंभीच्या वह्यांत तो २१ धरीत. शास्त्र पुढे गेले तसा तो बदलला, आणि पॅरिस करारानुसार होणाऱ्या वृत्तांतांसाठी तो २८ ठरला आहे. म्हणजे वर्षाला ५० किलो मिथेन सोडणारी म्हैस जुन्या भावाने १,०५० किलोंची आणि नव्या भावाने १,४०० किलोंची धनी होते. म्हैस तीच, चाराही तोच. बदलले ते फक्त माप. यासाठीच माप बदलले, की मागील सर्व वर्षांचे आकडे नव्या मापाने फिरून मांडावे लागतात. तसे न करता जुने आकडे एका भावाने आणि नवे दुसऱ्या भावाने शेजारी ठेवले, तर प्रामाणिक माणसाच्या हातूनही फसवणूक होते.

वही लिहिली, पण ती तपासावयाची कोणी? येथे व्यवस्था तिहेरी आहे. पहिली तपासणी परराष्ट्रांतील तज्ज्ञांची. राष्ट्राने सादर केलेला वृत्तांत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ वाचतात, शंका काढतात आणि इतर राष्ट्रांचे प्रतिनिधी जाहीरपणे प्रश्न विचारतात. शिक्षा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु चारचौघांत वही उघडावी लागते, ही मर्यादाही लहान नव्हे.

दुसरी तपासणी घरातल्या घरात व्हावयाची. या बाबतीत ब्रिटनचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तेथे २००८ साली संमत झालेल्या कायद्याने एक स्वतंत्र समिती नेमली आहे. दर पाच वर्षांचे उत्सर्जनाचे अंदाजपत्रक पार्लमेंट मंजूर करते, समिती दरसाल प्रगतीचा अहवाल पार्लमेंटपुढे ठेवते आणि सरकारला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते. ध्येय गाठले का, एवढेच ही समिती विचारीत नाही. जाहीर केलेल्या योजना प्रत्यक्षात आल्या, तर त्या पुढच्या ध्येयाला पुरतील का, हेही ती विचारते. तरी ब्रिटनच्या वहीतही एक मख्खी आहे. हिशेब जेथे वायू निघाला तेथे मांडला जातो. माल कोणी वापरला ते पाहिले जात नाही. परदेशांत तयार झालेले पोलाद किंवा कापड आयात करणाऱ्या देशाची वही स्वच्छ राहते आणि डाग निर्यात करणाऱ्याच्या वहीत पडतो. दोन राष्ट्रांची तुलना करताना हे विसरू नये.

तिसरी तपासणी सर्वांत निःपक्षपाती आहे. ती प्रत्यक्ष हवेची. गोव्याच्या दक्षिणेस काब द राम येथे समुद्राकाठी १९९३ पासून काही वर्षे बाटल्यांत हवा भरून तिचे पृथक्करण करीत. पावसाळ्यात तेथे दूर दक्षिण समुद्रावरून आलेली स्वच्छ हवा असते. थंडीत वारा फिरतो आणि जमिनीवरची, आपण वापरलेली हवा तेथे पोचते. या दोन हवांतील फरक म्हणजे आपल्या खर्चाची खूण. पुण्याजवळ सिंहगडावरही तेथील उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून हवेचे नमुने घेतले आहेत. जमिनीवरील अशी मापे, विमानांतून घेतलेले नमुने आणि उपग्रहांची निरीक्षणे यांवरून वाऱ्यांचा माग काढीत उलट्या वाटेने हिशेब करता येतो. असा हिशेब भारताच्या मिथेनबाबत २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१० ते २०१५ या काळात भारतातून दरसाल सुमारे २ कोटी २० लाख टन मिथेन निघत होता आणि त्यात फारशी वाढ नव्हती, असे त्यात आढळले. भारताने स्वतः दिलेल्या आकड्याशी हे जुळले. परदेशांतील एका नावाजलेल्या यादीचा अंदाज मात्र बराच चढा निघाला. १९९१ साली चिखलात पेट्या उपड्या घालणाऱ्यांनी जे काम आरंभिले, त्याची साक्ष पंचवीस वर्षांनी आकाशाने दिली.

याचा अर्थ आपल्या वहीत काही उणे नाही असा नव्हे. मोठी उणीव विलंबाची आहे. २०२० सालचा जमाखर्च २०२४ च्या अखेरीस हाती आला. चार वर्षांपूर्वीचा ताळेबंद पाहून आजचे दुकान चालविता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे हिशेब जेथे खर्च होतो तेथेच, म्हणजे कारखान्याच्या दारात ठेवणे. २०१२ साली सुरू झालेल्या ऊर्जाबचतीच्या योजनेत सिमेंट, पोलाद, खत, वीज इत्यादी आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या ग्राहकांना प्रत्येकी स्वतंत्र लक्ष्य देऊन त्यांची ऊर्जा मान्यताप्राप्त तपासनिसांकडून मोजली गेली. २०२३ साली अधिसूचित झालेली कर्बव्यापाराची योजना त्याच वाटेने पुढे जाणारी आहे. ज्या कारखान्याला आपला आकडा दरसाल माहीत आहे, त्याच्या आकड्यांची बेरीज देशालाही लवकर मिळेल. राज्यांनी व नगरपालिकांनी अशा वह्या नेमाने ठेवल्या, तर काम आणखी सोपे होईल.

शेवटी एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. मोजल्याने काही कमी होत नाही. तापमापक लावल्याने ताप उतरत नाही, हे खरेच. पण ज्या घरात तापमापक नाही, तेथे ताप उतरला असे कोणीही म्हणू शकतो, आणि तो चढला आहे असेही कोणीही म्हणू शकतो. दोन्ही वेळी हाल होतात ते अंथरुणावर पडलेल्या माणसाचे. हवामान बिघडते तेव्हा अंथरुणावर असतो तो कोरडवाहू शेतकरी, किनाऱ्यावरचा कोळी आणि उन्हात पाटी वाहणारा मजूर. वहीतला आकडा चुकला, तर त्याची किंमत या माणसांना भरावी लागते.

म्हणून श्रोतेहो, यापुढे या विषयावरचा कोणताही आकडा आपल्या कानी पडला, मग तो गौरवाचा असो की दोषाचा, तीन प्रश्न अवश्य विचारा. हा आकडा एकूण उत्सर्जनाचा, दरडोईचा की दर रुपयामागचा? तो कोणत्या सालाचा आहे आणि कोणत्या सालाशी ताडून पाहिला आहे? आणि तो ज्याने लिहिला त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासला आहे काय? हे प्रश्न विचारण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. वाण्याचे बिल चुकते करण्याआधी जो ते एकदा वाचून पाहतो, त्याला हे प्रश्न विचारता येतात. आणि असे विचारणारे लोक देशात पुष्कळ झाले, म्हणजे वही लिहिणाऱ्याचा हातही आपोआप जपून चालतो.